गहाळ नव्हे, चोरी!

महोदय,

‘तक्रारदारच पुढे येत नाहीत’ हा कालचा अग्रलेख वाचता वाचता हातातला चहा निवून गेला. पोलिसांच्या वागणुकीबद्दल नुसती कुरकुर न करता नागरिकांनी निर्भयपणे तक्रार नोंदवावी, असा उपदेश आपण केला आहे. उपदेश शिरसावंद्य. मी पुढे गेले होते, तीनदा.

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या जिन्यावर संध्याकाळच्या गर्दीत कोणीतरी माझ्या पर्सची चेन उघडून मोबाईल काढला. धक्का लागला म्हणून वळले, तर निळ्या शर्टातला एक मुलगा झपाझप खाली उतरत होता. समोरच्या चौकीत सांगितले, जिना रेल्वेच्या हद्दीत येतो. रेल्वेच्या पोलिसांनी विचारले, “काकू, कितव्या पायरीवर होतात? खालच्या असाल तर ते शहर पोलिसांकडे.” मी पायऱ्या मोजत चढत नाही, ही माझी चूक.

शेवटी घराजवळच्या पोलीस ठाण्यात दीड तास बसल्यावर एक छापील कागद पुढे आला. त्यावर लिहिले होते, ‘मोबाईल गहाळ झाल्याबाबत’. मी म्हटले, गहाळ नाही, चोरीला गेला. “तेच ते, काकू. नवीन सिमला एवढं पुरतं.”

तेच ते? चौतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. चोरीला कर्ता लागतो. कर्ता आला की त्याला शोधणे आले. ‘गहाळ’ला कर्ता नाही, वस्तू आपली आपणच नाहीशी होते, आणि दोष कुणाचा असलाच तर तो काकूंच्या विसरभोळेपणाचा. एका शब्दात चोरही सुटला आणि तपासही.

मग किमतीची चौकशी झाली. केवढ्याचा? १४ हजारांचा. कधी घेतला? तीन वर्षांपूर्वी. “मग आता चार हजारही यायचे नाहीत त्याचे.” मला वाटले, माणूस सहज बोलला. घरी आल्यावर भाच्याने उलगडा केला. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे; कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. म्हणजे माझ्या मोबाईलची घसरलेली किंमत भंगारवालाही इतक्या तत्परतेने काढणार नाही! दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगून ठेवले आहे. आणि हद्द कोणाचीही असो, माहिती नोंदवून घ्यावी, हे त्याच नव्या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिले आहे. जिन्याच्या पायऱ्यांचा उल्लेख त्यात सापडला नाही.

हे सगळे कागदावर उतरवून दुसऱ्यांदा गेले, तेव्हा ‘काकू’ची ‘मॅडम’ झाले. “वकील आहात का?” साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्यांदा गेले, तेव्हाही बंदोबस्तच. टेबलामागची मुलगी सकाळपासून ड्युटीवर होती, तिने मला स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या डोक्यावर कॅमेरा होता. पोलीस ठाण्यातले चित्रण आवाजासह १८ महिने जपून ठेवायचे, हाही २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचाच आदेश. “हा चालतो का गं?” विचारले, तर ती नुसती हसली.

आपण ज्या सक्षम यंत्रणेचा हवाला देता ते पोलीस तक्रार प्राधिकरण. अशी प्राधिकरणे नेमा, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंह खटल्याचा निकाल २००६ चा, आपल्या राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली २०१४ मध्ये. तिथे कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी चालतात. माझे एकही हाड मोडलेले नाही आणि बळकवायला जमीन नाही. ‘गहाळ’ कुठल्या रकान्यात भरू? आणि बदलापूर इथून लोकलने पाऊण तासावर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या आईबापांना शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची तक्रार लिहून घ्यावी म्हणून तासन्‌तास ताटकळावे लागले, ते काय पुढे आले नव्हते?

शेवटी मी त्या कागदावर सही केली. पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, सिमवाचून अडले होते. तेव्हा दप्तरी नोंद अशी की त्या दिवशी ठाणे शहरात चोरी झाली नाही, एका निवृत्त शिक्षिकेने मोबाईल हरवला.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. : अग्रलेखात दोनदा ‘पोलीसांनी’ छापले आहे. सामान्यरूपात ‘लि’ ऱ्हस्व होतो, ‘पोलिसांनी’. मागच्या वेळी हेच कळवले होते, तर माझ्या पत्रातला नेमका तेवढाच परिच्छेद आपण कापलात. पोलीस ठाण्यातल्या त्या छापील कागदावर शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.