शिबिर झाले, दुसऱ्या भेटीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च महिना आला की शहर पुरवणीत एक छायाचित्र हमखास दिसते. कंपनीच्या आवारात मांडव, मागे फलक, बाही वर करून बसलेला कामगार आणि शेजारी हसतमुख व्यवस्थापक. खाली ओळ असते : सुरक्षा सप्ताहानिमित्त 400 कामगारांची आरोग्य तपासणी. या 400 चा हिशेब एकदा मांडून पाहावा. दोन डॉक्टर, आठ तास, म्हणजे 960 मिनिटे. माणशी 2 मिनिटे 24 सेकंद. एवढ्यात नाव, टोकन नंबर आणि वय लिहून होते.

रक्तदाब नीट मोजायचा तर माणूस पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसलेला हवा. पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा ओझे उचलणे नाही. आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचा. शिबिरात रांग लागते ती नेमकी चहाच्या सुट्टीत. सुपरवायझरने ‘पटकन जाऊन ये’ म्हणून सोडलेला माणूस जिना चढून येतो, उभ्याउभ्या हात पुढे करतो आणि त्याच्या जाड दंडाला लहान कफ गुंडाळला जातो. आकडा फुगतो. साखरेचेही तसेच. रात्रपाळीचा कामगार पहाटे दोनला कॅन्टीनमध्ये जेवलेला असतो; सकाळी आठला त्याचे रक्त ‘उपाशीपोटी’ म्हणून घेतले जाते. त्याच्यासाठी एचबीए1सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी बरी, ती कधीही करता येते, 6.5 टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह समजतात. मात्र रक्तक्षय असेल तर तीही फसवते, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावे.

श्रवणचाचणीची तर चेष्टाच होते. प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या गोंगाटी विभागाच्या, भिंतीला तपासणीची व्हॅन लावून, पाळीच्या मध्यावर घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नाही. गोंगाटातून आलेला कान तात्पुरता बधिर झालेला असतो. त्याला निदान 14 तास विश्रांती मिळालेली हवी. म्हणजे ही चाचणी साप्ताहिक सुट्टीनंतर, पाळी सुरू होण्याआधी घ्यायची. गोंगाटाचे नुकसान आलेखावर आधी 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडून दिसते. त्या वेळी बोलणे अजून नीट ऐकू येत असते, म्हणून कामगाराला पटत नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. तपासणी शिबिरात न करता ज्याच्या-त्याच्या जन्ममहिन्यात करावी. 400 कामगार म्हणजे महिन्याला 33-34, आठवड्याला आठ-नऊ. कंपनीचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत असेल तर एका दिवशी चार-पाच जण. प्रत्येकाला वीस मिनिटे सहज मिळतात आणि एकही लाइन थांबत नाही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यवसाय सुरक्षा व आरोग्य संहितेमुळे 40 वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी आता मालकाची जबाबदारी आहे. ती शिबिराने उरकायची की नीट करायची, एवढेच ठरवायचे आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या खुणांसाठी तोंड उघडून पाहायला विसरू नये. आपल्याकडे तंबाखू-चुना आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा पाहता ही तपासणी छातीच्या एक्स-रेपेक्षा जास्त उपयोगी ठरते. पांढरा चट्टा आहे का, आणि स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

खरा कार्यक्रम इथून पुढे सुरू होतो, आणि बहुतेक कंपन्या इथेच थांबतात. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त निघाला तर दोन आठवड्यांत वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचा. 180/110 निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायचे. यासाठी नोंदवहीत एकच रकाना वाढवावा : ‘दुसरी भेट झाल्याची तारीख’. तो रिकामा असेल तर परिचारिकेने सुपरवायझरला नव्हे, थेट कामगाराला बोलावणे धाडावे. गोळ्या एकदम महिन्याच्या द्याव्यात. कामगार गोळ्या सोडतो त्यामागे अज्ञान थोडे असते, अर्ध्या दिवसाचा बुडणारा पगार जास्त असतो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दवाखान्याची वेळ आणि पहिल्या पाळीची वेळ एकच. मग माणूस जाणार कधी? महिन्यातून दोन ठरलेल्या दिवशी पगारी गेटपास आणि कंपनीची गाडी दिली तर हा प्रश्न सुटतो. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. शिबिराच्या यादीत त्यांची नावे बहुधा नसतातच, आणि जड, उष्णतेची, गोंगाटाची कामे मात्र त्यांच्याकडे असतात. त्यांच्या पगारातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात, कंत्राटदार 3.25 टक्के भरतो. तरी कित्येकांना आपला विमा क्रमांक ठाऊक नसतो. पहिल्याच भेटीत तो कार्डावर लिहून द्यावा.

दुसरी भेट न होण्याचे आणखी एक कारण म्हणजे भीती. तपासणीचा तक्ता एचआरच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला, की पुढच्या वर्षी मधुमेही कामगार त्या दिवशी रजा टाकतो. ‘अनफिट’ ठरलो तर कंत्राट नूतनीकरणात नाव गळेल, ही शंका अनाठायी नाही. एचआरला डॉक्टरकडून तीनच गोष्टी कळाव्यात : काम करण्यास योग्य, अमुक बंधनासह योग्य, उदाहरणार्थ उंचीवरचे काम नको, किंवा या कामासाठी तूर्त योग्य नाही. रोगाचे नाव नाही. विभागवार एकत्रित आकडे द्यावेत, पण दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाचे नाहीत, कारण तिथे कोण ते लगेच ओळखू येते.

वेलनेस विकणाऱ्या सल्लागारांच्या सादरीकरणात एक आकडा हटकून असतो : खर्चलेल्या एका डॉलरमागे उपचारखर्चाचे 3.27 डॉलर वाचतात. तो 2010 च्या अमेरिकेतील एका आढाव्यातला आहे. त्याच्या लेखकांत कॅथरिन बेकर आणि झिरुई साँग होते. याच दोघांनी पुढे बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीत चिठ्ठ्या टाकून केंद्रे निवडली आणि सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांवर नीट प्रयोग केला. 2019 मध्ये निष्कर्ष आला : दीड वर्षानंतर लोक ‘आम्ही व्यायाम करतो’ असे जास्त सांगत होते, पण रक्तदाब, वजन, उपचारखर्च, गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासातही आधीपासून निरोगी असलेलेच लोक अशा कार्यक्रमांत शिरतात असे दिसले. हा दुसरा भाग सादरीकरणात येत नाही, हे सांगायला नकोच. पावले मोजण्याच्या स्पर्धेचेही तेच. असेंब्लीवरचा कामगार पाळीत एरवीच मैलोगणती चालतो. बक्षीस ऑफिसमधल्या तरुणाला मिळते, किंवा फोन हलवत बसणाऱ्याला. आणि योगवर्ग दुपारी चारला, जेव्हा पहिल्या पाळीची बस साडेतीनलाच सुटलेली असते!

म्हणून माणसाला सुधारण्याआधी कामाची जागा सुधारावी. सुरुवात कॅन्टीनपासून. ताटामागे ठरलेला दर दिला की कंत्राटदार खर्च वाचवणार तो तेलातच : स्वस्त पामतेल, आणि तेही पुन्हा पुन्हा तापवलेले. तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ) 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचे नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तो करारात लिहावा आणि चाचणीपट्ट्या कंपनीने स्वतः आणाव्यात. तेल-मीठ भांडारातून मोजून द्यावे. एका जेवणाला माणशी 10 मिली तेल धरले तर 400 ताटांना 4 लिटर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्यातले एका जेवणाला 2 ग्रॅम धरले तर 400 ताटांना 800 ग्रॅम, आणि लोणचे-पापड त्यातच. पहिल्या आठवड्यात मोजमाप केले की प्रत्यक्ष वापर किती, ते दिसेल. एकदम निम्म्यावर आणू नका, जेवण परत येते आणि युनियनकडून तक्रारही. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा कमी केला तर जीभ कुरकुरत नाही. उसळ दाट हवी, कोशिंबीर रोज आणि कांदा-काकडीपुरती नको. तिसऱ्या पाळीला दुसऱ्या पाळीचे उरलेले गरम करून वाढण्याची पद्धत तर बंदच करावी.

चहाच्या यंत्रात भरायच्या तयार मिश्रणात साखर आधीच असते, हे खरेदी विभागाच्या ध्यानात येत नाही. ‘कमी साखर’ मागायची सोयच उरत नाही. कपाला दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, असे चार कप झाले की 40 ग्रॅम. दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असणे चांगले. बिनसाखरेचे मिश्रण घ्यावे, साखर बाजूला ठेवावी.

पाण्याचा प्रश्न वरकरणी सुटलेला दिसतो, कूलर असतोच. पण भट्टी किंवा हीट ट्रीटमेंटच्या माणसाला दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी लागते आणि कूलर असतो दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात नवा माणूस पहिल्या दिवशी त्या उष्णतेत पाळीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये, रोज तेवढाच वेळ वाढवत जावे. लाइनवरच्या महिला मुद्दाम पाणी कमी पितात, कारण स्वच्छतागृह दूर आणि रिलीव्हर, म्हणजे तेवढ्या वेळापुरता जागा सांभाळणारा बदली कामगार, मिळत नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गावर व्याख्यान ठेवण्यापेक्षा प्रत्येक लाइनला एक रिलीव्हर द्यावा.

कानाच्या फोमच्या बोळ्यांचा खोका रिकामा होतो म्हणजे वापर होतो असे नाही. बोळा बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो दागिनाच. पाळ्या पहिली-दुसरी-तिसरी अशा पुढे सरकाव्यात, उलट नको. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आठला प्रशिक्षण ठेवून झोप मोडू नये. रात्री जागे राहण्यासाठीच अनेक जण तंबाखू मळतात. तेव्हा तंबाखूमुक्तीची 1800-11-2356 ही मोफत हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस, 14416, हे क्रमांक नोटिसबोर्डाऐवजी स्वच्छतागृहाच्या दारामागे लावावेत. तिथे कोणी पाहत नसताना क्रमांक टिपून घेता येतो.

पैशांचे म्हणाल तर निम्मी रक्कम पाठपुराव्याला राखून ठेवल्याशिवाय पहिली तपासणी सुरूच करू नये.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या मार्चमध्ये शिबिराचे छायाचित्र आले, की कंपनीला एवढेच विचारा : गेल्या वर्षी रक्तदाब वाढलेला निघाला त्यांपैकी किती जणांचा आज 140/90 च्या खाली आहे? त्यांत कंत्राटी किती? आकडा मिळाला तर छायाचित्राबरोबर तोही छापा.

— दोन कारखाना वैद्यकीय अधिकारी, चिंचवड