हवालदार मामांना, कादंबरीच्या पहिल्या प्रतीआधी

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

पुस्तक छापून आलं. काल संध्याकाळी छापखान्यातून गठ्ठा घरी आणला, सुतळी कापली आणि सगळ्यात आधी शेवटचं पान उघडलं. तिथं तुमच्यासाठी एकच ओळ आहे : ‘एका निवृत्त पोलीस हवालदारांचे मनापासून आभार.’ नाव घालायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत, ते पाळलं. पण त्या एका ओळीनं माझं समाधान होत नाही, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण उद्या कुणी ही कादंबरी वाचून ‘तपास अगदी खरा वाटतो’ म्हणालं, तर तो खरेपणा कुठून आला हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

आमच्या घरात रहस्यकथेचं वेड वडिलांकडून आलं. पेठेतल्या एका बोळात भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी होती. वडील कामावरून येताना तिथून पुस्तक आणायचे, खाकी कव्हर घातलेलं, कडा मऊ पडलेलं. बाबुराव अर्नाळकरांचे नायक झुंजार आणि काळापहाड मला त्या कव्हरांतून भेटले. पुढं गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. पुष्कळ पुस्तकांची शेवटची पानं फाटलेली असायची. मग जेवताना वडील खुनी कोण ते तर्कानं सांगायचे आणि आम्ही भावंडं भांडायचो. अर्नाळकरांनी १००० हून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हे मला फार उशिरा कळलं. एवढ्या कथा ज्यांनी घराघरांत वाचायला लावल्या, त्या माणसाबद्दल मराठीत आदरानं फार थोडं लिहिलं गेलं, याची मला खंत वाटते.

आणि आपले बाबा कदम. कोल्हापूरचे, सरकारी वकिली केलेले. त्यांच्या कादंबरीत कोर्ट आलं की आपण मागच्या बाकावर बसून ऐकतोय असं वाटतं. माझ्या मते ते त्यांच्या वकिलीतून आलं, नुसत्या कल्पनेतून ते येत नाही. हे जाणवत होतं म्हणूनच मला भीती होती. मी बँकेत काम करणारी बाई. पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात एकदा चढले, तीही पासपोर्टच्या चौकशीसाठी. एका प्रकाशकांनी तर हस्तलिखित न उघडताच सांगितलं होतं, ‘रहस्यकथा आता कोण वाचतंय?’ त्या दिवशी घरी येऊन मी फाईल कपाटात वर टाकली होती.

ती खाली आली तुमच्यामुळं. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात मी जुन्या रहस्यकथा शोधत होते. १८५० सालापासूनचं ग्रंथालय ते, तिथं नाही मिळणार तर कुठं? काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “त्या कोपऱ्यात पेपर वाचत बसलेत ना, ते पोलिसात होते, रोज एक तरी रहस्यकथा नेतात, त्यांना विचारा.” मी घाबरतच आले. तुम्ही चष्मा काढलात, माझं सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, “लिहिलंयस ते घेऊन ये. बघू या की.”

२१४ पानं तुम्ही १९ दिवसांत वाचलीत. परत दिलीत तेव्हा प्रत्येक पानाच्या कडेला शिसपेन्सिलीची बारीक अक्षरं होती. कित्येक वर्षं ठाण्यात लेखनिक म्हणून काम केलेल्या माणसाचं ते अक्षर, एका रेषेत, खाडाखोड नाही.

माझी गोष्ट २०१९ च्या महापुरातली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागत नाही. त्या पुरात एका बाईला मारून रात्री पंचगंगेत टाकतात आणि सकाळी प्रेत तरंगताना दिसतं, असं मी लिहिलं होतं. तुम्ही कडेला लिहिलंत : ‘नाही.’ आणि मग तोंडी समजावलंत. “बॉडी आधी तळाला जातीया पोरी. पावसाळ्याच्या गार पाण्यात वर यायला दोन-तीन दिवस तरी लागत्यात. आणि पाण्यात सापडला म्हणून माणूस बुडून मेला असं नसतंय.” मग विचारलंत, “मूठ कशी होती तिची?” मला कळेना. बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, म्हणून मिटलेल्या मुठीत गवत, चिखल सापडला तर तो जिवंतपणी पाण्यात पडला असावा, हे मला तुमच्याकडून समजलं. तोंडाशी येणारा फेस, हाडातल्या मगजात सापडणारी पाण्यातली सूक्ष्म शेवाळं आणि ती जुळतात का हे पाहायला त्याच जागचं घेतलेलं पाणी, हे सगळं तुम्ही चहा गार होईपर्यंत सांगत राहिलात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी एक झालेलं असताना ‘त्याच जागचं’ म्हणायचं कशाला, हा प्रश्न तिथंच मला सुचला आणि माझ्या कादंबरीचं तिसरं प्रकरण त्यातून उभं राहिलं.

शेवट तर तुम्ही मुळापासून बदलायला लावलात. माझा खुनी साहेबांसमोर रडून सगळं कबूल करायचा आणि पुस्तक संपायचं. तुम्ही वही मिटलीत. “पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. पुरावा कायदा, कलम २५.” मी म्हटलं, मग खून सिद्ध कसा होणार? तेव्हा तुम्ही त्याच १८७२ च्या कायद्याचं कलम २७ समजावून सांगितलंत : आरोपी पंचांसमोर, म्हणजे पोलिसांनी बोलावलेल्या त्रयस्थ साक्षीदारांसमोर म्हणतो, ‘मी वस्तू कुठं लपवली ते दाखवतो’, ते निवेदन लिहून घ्यायचं, मग तो पुढं, पंच आणि पोलीस मागं, आणि वस्तू त्यानं दाखवली तर त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग पुरावा. १ जुलै २०२४ पासून कायद्याची नावं आणि कलमांचे आकडे बदललेत, पण गोष्ट २०१९ ची, तेव्हा जुनेच ठेव, हेही तुम्हीच सांगितलंत. आता माझ्या कादंबरीच्या शेवटी सात माणसं चिखलातून एका पडक्या गोठ्याकडं चालत जातात, कुणी बोलत नाही. लिहिताना मला स्वतःला धडधडत होतं. रडून दिलेल्या कबुलीत ती धडधड कधीच आली नसती.

मामा, सील कसं करतात ते तुम्ही दाखवलंत तो दिवस मी विसरणार नाही. मामींच्या सुईदोऱ्याच्या डब्यातून तुमच्या जुन्या खाकी शर्टाचं बटण काढलंत. “हा मुद्देमाल.” खाकी पाकिटात घातलं, तोंड चिकटवलं, दोरा उभा-आडवा फिरवला. दोन छोट्या चिठ्ठ्या कापल्यात, एकीवर माझी सही घेतलीत, दुसरीवर मामींची. चिठ्ठ्या दोऱ्याखाली ठेवल्यात आणि मेणबत्तीवर लाख धरलीत. लाल थेंब गाठीवर पडला, ठसा उमटवायला तुमच्याकडं आता शिक्का नव्हता, म्हणून एक जुनं नाणं दाबलंत. “आता हे कुणी उघडलं तर दोरा तुटंल, नाहीतर चिठ्ठी फाटंल. कारकुनानं आत घेताना आधी हेच बघायचं.” सगळं हळू, एकदाही घाई नाही. तुम्ही आयुष्यभर हे किती वेळा केलं असेल, आणि त्यातल्या एकाही पाकिटावर तुमचं कौतुक कुणी लिहिलं नसेल, असं मनात आलं. माझ्या कादंबरीत तपास लागतो तो अशाच एका चिठ्ठीवरच्या सहीनं. पुढचं इथं सांगत नाही.

ती सही करणारा पंच, सायकल दुकानवाला, तोही तुमचाच. मी त्याला पैसे घेऊन फितूर होणारा लबाड माणूस केला होता. तुम्ही म्हणालात, पैसे घेणारे असतातही, पण बरेच पंच तारखांनीच थकतात. चार-पाच वर्षांनी समन्स येतं, दुकान बंद ठेवून कोर्टात जायचं, साक्ष होत नाही, पुढची तारीख. शेवटी विचारतात, ही सही तुमची का? आणि त्याला खरंच आठवत नसतं. तुमच्या आवाजात त्या माणसावरचा राग नव्हता, हे मला फार शिकवून गेलं. तो सायकलवाला मी नव्यानं लिहिला. आता पुस्तकातलं मला सगळ्यात आवडतं माणूस तोच आहे.

आणि आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर हे पत्र. मरणोत्तर पंचनाम्याच्या प्रकरणाच्या कडेला तुम्ही एकच प्रश्न लिहिला होतात : ‘ओळख कोणी पटवली?’ मी वाचून पुढं गेले होते. भेटल्यावर तुम्ही पुन्हा विचारलंत. “हिचं घर कुठं? घरात कोण कोण? बॉडी ताब्यात कोण घेणार? नाव, वय, नातं लिहावं लागतंय. कुणी आलं नाही, तर कुणी आलं नाही असं लिहावं लागतंय.” माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोनशे पानं मी त्या बाईच्या मरणावर लिहिली होती आणि तिला बहीण आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली. तुम्ही मात्र लागलं असं काही बोलला नाहीत, फक्त अकस्मात मृत्यूची नोंद तुम्ही लिहायचात तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या लोकांबद्दल सांगत राहिलात. त्यांना पाणी द्यायचं. घाई करायची नाही. नाव विचारताना ‘मयत’ म्हणायचं नाही, ‘तुमची बहीण’ म्हणायचं.

त्या रात्री मी चिखलीची एक बहीण लिहिली. प्रयाग संगमाजवळचं गाव पाण्याखाली गेलेलं, ती शाळेतल्या निवाऱ्यात, आणि तिथून ती सीपीआर रुग्णालयाच्या आवारात येऊन उभी राहते. हातातल्या पिशवीत बहिणीची साडी, कारण अंगावर काय घालून नेणार हे तिला सुचलेलं. तिथपासून कादंबरी तिची झाली. वाचलेल्या दोघा-तिघांनी ते पान वाचून मला फोन केला. तुमच्या प्रश्नाशिवाय ती माझ्या घरात आलीच नसती.

मामींनाही नमस्कार सांगा. दर रविवारी मी तुमचे दोन तास घेतले, आणि त्यांनी प्रत्येक वेळी मला जेवूनच पाठवलं.

येत्या रविवारी पहिली प्रत घेऊन येतेय. छापणाऱ्यांना सांगून समास मोठे ठेवून घेतलेत, तुमच्या पेन्सिलीसाठी. चुका राहिल्या असतील त्या दाखवा, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन. आणि एक विचारायचंय. पुढची गोष्ट गुऱ्हाळावर घडते. रात्रीची पाळी, माणूस रस उकळायच्या काहिलीजवळ पडलेला, खाली जाळ चालू. पोलीस आल्यावर आधी जाळ विझवायला लावतात की आहे तसं ठेवून पंचनामा सुरू करतात? गुळव्या म्हणाला की रस करपतोय, तर त्याला काहिलीला हात लावू देतात का?

तुमची,
शिवाजी पेठेतली पोरगी