दुर्बीण आहे, भूल देणारे नाहीत : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग रात्रीतून उजवीकडे खाली. सासूबाईंनी हिंग लावून पाहिला. सकाळी पोरगी वाकून चालायला लागली तशी रिक्षा केली. उपनगरातल्या एका रुग्णालयात सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स सुजलेलं निघालं. डॉक्टर सरळ बोलले, "बारीक छेदातून पोटात घालून ऑपरेशन करायची दुर्बीण आहे आमच्याकडे. पण लहान मुलांना भूल देणारे आज नाहीत. परळला न्या."

भर पावसात परळ! अपेंडिक्स फुटायच्या आत पोहोचलो, एवढंच.

पुढचं सगळं छान झालं. पोटावर तीन बारीक छेद, त्यातला एक बेंबीतच लपलेला. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब रडत होत्या त्या खांदा दुखतो म्हणून. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला भरलेला गॅस छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि कळ खांद्यात उमटते, हे सिस्टरनी समजावलं तेव्हा आमच्या जिवात जीव आला. तिसऱ्या दिवशी घरी.

शेजारच्या खाटेवर मानखुर्दचा दोन वर्षांचा मुलगा होता. एक अंडकोष खाली उतरलेला नाही, हाताला लागतही नाही. असा अंडकोष दुर्बिणीनंच पोटात शोधतात आणि जमलं तर त्याच वेळी खाली आणतात. हे खरं तर दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. तारखेसाठी तिच्या तीन खेपा झाल्या होत्या, प्रत्येक खेपेला खाडा.

दुर्बिणीनं पित्ताशय काढायची देशातली पहिली शस्त्रक्रिया 1990 साली याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी केली. जे. जे. तुमच्या अखत्यारीत नाही, ठाऊक आहे. पण शहर तेच ना?

म्हणून नवी यंत्रं मागत नाही. उद्घाटनाची फीत कापून झाली की यंत्रावर खोळ चढते, हे आम्ही पाहिलंय. मागणी माणसांची आहे. केईएम किंवा सायन या तुमच्या मोठ्या रुग्णालयांतल्या बालशल्यचिकित्सकांचं (मुलांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांचं) पथक आठवड्यातून एक दिवस उपनगरात पाठवा, मुलांना भूल देणाऱ्या डॉक्टरांसकट. गॅसच्या दाबानं लहानग्यांचा श्वास चटकन अडखळतो, तिथे सरावाचाच हात लागतो. सोबत 3 आणि 5 मिलिमीटरची हत्यारं द्या. सगळ्यालाच दुर्बीण हवी असा हट्ट नाही. तान्ह्या बाळाचा साधा हर्निया जांघेतल्या छोट्या चिरेतूनही उत्तम होतो.

आणि हे सगळं होईपर्यंत प्रत्येक रुग्णालयाच्या दाराशी एक फळा लावा : मुलांना भूल देणारे डॉक्टर आज आहेत की नाहीत. त्या सकाळी तेवढं वाचायला मिळालं असतं, तर आमची रिक्षा तिथूनच परळला वळली असती.

आपली,
एक आई, भांडुप