शेवटच्या पडद्यावरची परीक्षा फसवी

मा. संपादक,

सरकारी कर्मचारी, शिक्षक, बँक कर्मचारी यांची बरीच प्रशिक्षणे आता संगणकावर होतात. धडा संपला की लगेच दहा प्रश्न, पाठोपाठ प्रमाणपत्र. यात मोजले जाते ते डोळ्यांसमोरून नुकतेच गेलेले. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके यांचा 2006 चा प्रयोग पाहावा. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला सरस ठरला, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने मात्र लिहून काढलेला 56 टक्के आठवला, दोनदा वाचलेला 42.

फेरफार नोंदींचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदल दप्तरात नोंदवण्याचा, अभ्यासक्रम तयार करायचा आहे असे धरू. वारस, खरेदी, बोजा (जमिनीवरचे कर्ज) असे वेगळे धडे, प्रत्येकाखाली त्याच प्रकारचे प्रश्न, ही नेहमीची मांडणी. इथे धड्याचे शीर्षकच उत्तर सांगून टाकते. सज्जावर, म्हणजे तलाठी कार्यालयात, येणाऱ्या कागदांना शीर्षक नसते. मृत्यूचा दाखला, सूची क्रमांक दोन (नोंदणीकृत खरेदीचा गोषवारा), बँकेचे पत्र पाहून नोंद कोणती ते ठरवावे लागते. म्हणून पहिला नमुना पूर्ण सोडवून दाखवा, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी ठेवा, तिसऱ्यात नुसते कागद द्या. मग वारस, खरेदी, बोजा हे तिन्ही प्रकार मिसळा. मिसळले की सुरुवातीला गुण घसरतात आणि अभ्यासक्रम तयार करणारे घाबरून जुन्या क्रमावर येतात. तेवढा धीर धरायला हवा.

चुकीचे पर्याय प्रत्यक्ष कामात होणाऱ्या चुकांमधून घ्या आणि उत्तर चुकल्यावर नुसती लाल फुली न दाखवता कारण द्या. पडद्यावरचा मजकूर निवेदकाने शब्दशः वाचणे तर थांबवाच (श्रवणदोष असणाऱ्यांसाठी उपशीर्षके ऐच्छिक ठेवावीत). डोळे आणि कान एकाच वाक्यामागे धावतात, आकृतीकडे लक्षच जात नाही.

उजळणी कधी, हे माहिती किती काळ हवी त्यावर ठरते. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या अभ्यासात आठवडाभर लक्षात ठेवायच्या माहितीसाठी सुमारे एक दिवसाचे अंतर उत्तम ठरले, वर्षभरासाठी सुमारे तीन आठवड्यांचे. एकविसाव्या दिवशी मोबाइलवर पाच प्रश्न धाडणे संगणकाला काहीच जड नाही. निविदेत चित्रफितींच्या तासांबरोबर या प्रश्नसंचाचीही अट घालावी आणि प्रमाणपत्र त्यानंतरच द्यावे.

– प्रशिक्षण क्षेत्रातील एक वाचक, पुणे