आपलं पुस्तक आपणच काढताना

मा. संपादक,

स्वतः पुस्तक काढलं म्हटलं की लोक लगेच 'प्रकाशक नाही मिळाला का?' विचारतात, म्हणून हे पत्र. अहो लिहिणं सोपं, खरी दमछाक पुढेच, प्रूफ कितीही वाचा अनुक्रमणिकेत एखादा पान नंबर चुकतोच, आणि ऐनवेळी पानं वाढली की पुस्तकाचा कणा जाड होतो नि कव्हरची फाईल पुन्हा नव्याने बनवायला लागते. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-बुकला ७० टक्के रॉयल्टी ऐकून हुरळू नका, अटी असतात, नाहीतर ३५च. प्रिंट ऑन डिमांडमुळे, म्हणजे मागणी येईल तशीच प्रत छापली जात असल्यामुळे, घरात गठ्ठे पडत नाहीत हे मात्र भारी. आणि हक्क आपल्याकडेच राहतात, दुसऱ्या आवृत्तीत एक अख्खं प्रकरण उडवलं तरी कुणाला विचारावं लागत नाही!

– एक लेखक-वाचक