आंब्यासाठीच्या कॅल्शियम-बोरॉन द्रावणाची चुकीची शिफारस व फसव्या दाव्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : द्रवरूप कॅल्शियम-बोरॉन खताच्या वापराची चुकीची शिफारस, अपुरे लेबल व नुकसानभरपाईबाबत

महोदय,

रत्नागिरी तालुक्यातील माझ्या हापूसच्या बागेत मी या हंगामात आपल्या कंपनीचे कॅल्शियम-बोरॉन द्रावण वापरले. सोबतच्या माहितीपत्रकावर ‘साका १०० टक्के बंद, टिकवणक्षमता दुप्पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. साका म्हणजे बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळात कोयीलगतचा गर खराब होण्याचा दोष. प्रत्यक्षात फवारलेल्या कलमांचा आंबा आणि मुद्दाम न फवारता राखलेल्या कलमांचा आंबा एकाच दिवशी, चौदा आणे तयार (जवळजवळ पूर्ण पक्व) झाल्यावर, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढून वेगवेगळ्या आढीत लावला असता दोन्हींत मला काहीही फरक दिसला नाही. फवारलेल्या कलमांचे बाहेरून निर्दोष, पिवळेधमक फळ कापले, तर कोयीलगतचा गर पांढुरका, पोकळ आणि आंबट निघाला. आपल्या माहितीपत्रकात वापराची जी पद्धत दिली आहे तिने फरक पडणे अवघडच होते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

माहितीपत्रकात एकच फवारणी सांगितली आहे, तीही काढणीच्या २० दिवस आधी आणि ‘पाने चिंब भिजतील अशी’. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि जिथे पोहोचते तिथेच राहते. पानात गेलेले कॅल्शियम नंतर फळाकडे वळत नाही. फळात ते प्रामुख्याने फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे कैरी वाटाण्याएवढी असल्यापासून सुपारीएवढी होईपर्यंतच्या सुमारास, साठते. तेव्हा फवारणी करायची तर त्या काळात, थेट फळावर आणि एकाहून अधिक वेळा करावी लागते. पेशीभित्तिकेतील पेक्टिन बांधून ठेवण्याचे काम कॅल्शियम करते, म्हणून फळ घट्ट राहते आणि उशिरा मऊ पडते, हे आपल्या पत्रकातील वाक्य बरोबर आहे. पण शेवटच्या दिवसांतली फवारणी सालीपुरती थोडीफार उपयोगी पडली तरी कोयीजवळच्या गरापर्यंत ती कशी पोहोचावी, याचा उल्लेख त्यात कुठेही नाही. शिवाय साक्याला जमिनीतून उसळणारी उष्णता आणि फळ झाडावर जास्त दिवस राहणे हीदेखील कारणे आहेत, हे कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला ठाऊक असल्याने ‘१०० टक्के’ हा शब्द छापण्यापूर्वी आपण विचार करायला हवा होता.

याहून गंभीर बाब मिश्रणाची आहे. हेच द्रावण शून्य-बावन्न-चौतीस या फॉस्फेटयुक्त विद्राव्य खतासोबत एकाच टाकीत फवारावे, असे पत्रकात स्पष्ट लिहिले आहे आणि आपल्या प्रतिनिधीनेही तोंडी तेच सांगितले. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आल्यास न विरघळणारे कॅल्शियम फॉस्फेट तयार होते, ही गोष्ट खत विकणाऱ्या कंपनीला माहीत नसावी यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्या एचटीपी (जास्त दाबाने फवारणाऱ्या) पंपाच्या टाकीच्या तळाशी दह्यासारखा पांढरा साका बसला (हा साका मात्र आपण खात्रीने दिला), गाळणी भरली, नोझल तुंबले आणि फळांवर पांढरे डाग राहिल्याने ती पुसून पेटीत भरावी लागली. दोन्ही खतांचे पैसे टाकीच्या तळाशी गेले.

लेबलावर ‘कॅल्शियम ११ टक्के’ एवढेच लिहिले आहे. ते नायट्रेटच्या रूपात आहे की क्लोराइडच्या, हे लिहिलेले नाही. बागायतदारासाठी हा फरक मोठा आहे, कारण नायट्रेट असल्यास त्यासोबत नत्रही जाते आणि फळात कॅल्शियमच्या तुलनेत नत्र जास्त झाले तर गर लवकर मऊ पडतो. क्लोराइड असल्यास उन्हात पाने करपण्याचा धोका असतो. बोरॉनचेही तसेच आहे. आमच्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीतून पावसाळ्यात बोरॉन वाहून जातो, त्यामुळे तो देण्याची गरज मी नाकारत नाही. परंतु बोरॉनची कमतरता आणि अतिरेक यांच्यामधले अंतर फार थोडे असते. राज्य शासनाच्या ग्रेड-२ या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीच्या मिश्रणातही ०.५ टक्के बोरॉन असतो. ते मिश्रण वापरणाऱ्याने आपले द्रावण किती घ्यावे किंवा घेऊ नये, याची एक ओळसुद्धा पत्रकात नाही.

ही सर्व हकिगत मी आपल्या प्रतिनिधीस फोटोंसह कळवली असता ‘यंदा हवामानच तसे होते’ असे उत्तर मिळाले. न फवारलेल्या कलमांनाही तेच हवामान होते, याकडे त्यांचे लक्ष वेधल्यावर त्यांनी फोन उचलणे बंद केले.

तरी आपण या खेपेचा पृथक्करण अहवाल व कॅल्शियमचा स्रोत मला लेखी कळवावा, द्रावणाची, त्यासोबत वाया गेलेल्या खताची व फवारणीच्या मजुरीची रक्कम परत करावी आणि शून्य-बावन्न-चौतीससोबत मिसळण्याची शिफारस व साक्याबाबतचा दावा माहितीपत्रकातून तत्काळ काढून विक्रेत्यांना तसे कळवावे. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण तेच पत्रक आजही दुकानाच्या गल्ल्यावर पडलेले आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांकडे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी दाद मागेन. न उघडलेली एक बाटली नमुन्यासाठी माझ्याकडे जपून ठेवली आहे.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. जि. रत्नागिरी

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, माहितीपत्रकाची प्रत, टाकीतील गाळाचे व कापलेल्या फळांचे फोटो