इंदूरले गेलेल्या पोरीले

चिऊ,

गाडी बऱ्हाणपूरच्या पुढं गेली असंन. स्टँडवर चार लोकायसमोर मी बोललो ना, का एवढं शिकून तांब्याचा अणू कुठी बसला हेच पाहाचं होतं काय, ते मले बोलाचं नोतं. पोटात दुसरंच होतं. एक्सरेचं विचारणार नाई असं तुह्या आईले कबूल केलं होतं, म्हणून ते असं वाकडं निघालं.

तुही गोष्ट मले समजली हाय, खरंच. झिओलाइट नावाच्या खड्यातल्या बारीक बारीक खोल्या, त्यात तांबं घातलं, पण ते सहा कोपऱ्याच्या कड्यात बसलं का आठ कोपऱ्याच्या, हे डोयानं दिसत नाई. मंग एक्सरे सोडाचा, 8979 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या आसपास तांबं तो एकदम पिते, त्यातून इलेक्ट्रॉनची लाट निघते, शेजारच्या ऑक्सिजनवर आदळून माघारी येते अन् त्यावरून शेजारी किती न् किती दूर ते समजते. लहानपणी तू इहिरीत वाकून हाका मारे, आवाजावरून पाणी किती खाली गेलं ते सांगे, अन् मी मांगून फ्रॉक धरून उभा. तसंच हे. फक्त इथं मिलीमीटरचे एक कोटी भाग करा अन् त्यातले दोन मोजा.

त्याच इहिरीले सुरुंग लावले तवा काळ्या खडकाच्या पोकळीतून ते पांढरे-गुलाबी खडे निघाले होते. मी गारगोट्या म्हणून फेकत होतो, तू कॉलेजातून आली अन् म्हणाली बाबा हे झिओलाइट हाय. एक देव्हाऱ्यात ठेवला होता, तो चिवड्याच्या डब्यात टाकला हाय, पाह्यजो.

पण ज्यातून तो एक्सरे निघते ते 172 मीटर घेराचं मशीनचं चक्कर अन् रात्रीची पाळी. खोलीले शिसं हाय, दार लागल्याबिगर शटर उघडतच नाई, तू तीनदा सांगितलं. आत्याले नागपूरले किरणांचा शेक द्याले नेत होतो तवा बी दार असंच जाड होतं, बाहेरच्या बाकड्यावर मीच बसत होतो.

उपाशी राहू नको. झोप आली तं सॅम्पल बदलाले दुसऱ्याले सांगजो. एक्सरे आंगाले किती लागला ते मोजणारा छातीवरचा तो बिल्ला टेबलावर काढून ठेवाचा नाई, कोणी काही म्हणो, घाई असो, मशीन थांबो... जाऊ दे, लेक्चर झालं, माफ कर. तुले माह्याहून जास्त समजते.

काल पारावर मीच सांगितलं सगळ्यायले. डिझेल गाडीत युरियाचं पाणी टाकतात, आपण पऱ्हाटीले फेकतो तसाच युरिया, त्याचा अमोनिया होते, अन् धुराचा विषारी वायू त्या झिओलाइटमधल्या तांब्यावर साधा नायट्रोजन अन् पाणी होऊन जाते. कोण्या जागचं तांबं हे काम करते, ते माही पोरगी शोधून राह्यली. एकदाबी न अडकता सांगितलं, चिऊ.

पाळी सुटली का मिस कॉल मारजो, मी गोठ्यातच असतो. बिल्ला लावला असंन तं दोनदा मारजो.

बाबा